वाळवंटात मोरवेल-कुलाचा शोध

'रॅनन्क्युलस' या लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसा बेडूक असा आहे. ज्या पिवळ्या, चकचकीत फुलांच्या वनस्पतीस इंग्रज लोक बटरकप म्हणतात, तिच्या प्रजातीस हे नाव मिळाले. कारण तिच्या बऱ्याच जाती जेथे बेडूक राहतात तेथेच, म्हणजे ओढ्याच्या काठी, दलदलीत व ओल्या कुरणांत वाढतात. याच प्रजातीवरून सबंध कुलास रॅनन्क्युलेसी म्हणतात. मराठीत त्यास मोरवेल-कुल म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो सोयीचाही आहे. बटरकप आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. परंतु सह्याद्रीत झुडपांवर पसरणारी मोरवेल आणि तिच्या फळांचे रुपेरी पिसांसारखे झुबके रानात हिंडणाऱ्यास अपरिचित नाहीत. पावसाळा सरता सरता घाटमाथ्यावरील गवतात निळ्या फुलांचे तुरे उभारणारी निळवंती याच कुलातील. वैद्यांचे अतिविष व बचनाग आणि लोणच्याच्या मसाल्यात पडणारी कलौंजी हीही याच घराण्यातील होत.

या कुलात दोन हजारांहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक उत्तर गोलार्धाच्या थंड व ओल्या प्रदेशांत राहतात. अशा वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठी कोणी वाळवंटाकडे निघाला, तर तो मृगजळामागे धावत आहे असेच पाहणाऱ्यास वाटावे. वस्तुतः उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटांत हा उद्योग दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्यातून या कुलाविषयी जे कळले ते ओल्या कुरणांत बसून कधीच कळले नसते.

प्रथम तो प्रदेश कसा आहे ते पाहू. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग सिएरा नेव्हाडा पर्वतावर आपले पाणी टाकून देतात व पलीकडे कोरडा वारा तेवढा उतरतो. या पर्वताच्या छायेत उत्तरेस ग्रेट बेसिन व त्याच्या दक्षिणेस मोहावी ही वाळवंटे आहेत. मोहावीच्या आग्नेयेस, मेक्सिकोपर्यंत, सोनोरा पसरले आहे. वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर येतात, पण येथे वाळू थोडी आणि दगड फार. ग्रेट बेसिनमध्ये हिवाळ्यात बर्फ पडते. मोहावीतील डेथ व्हॅली ही दरी समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली जाते. तेथे वर्षाकाठी सरासरी ५ ते ६ सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि १० जुलै १९१३ रोजी तेथील तापमान ५६.७ अंश सेल्सियस नोंदले गेले आहे. परंतु याच दरीच्या पश्चिमेच्या कडेला पॅनामिंट रांगेतील टेलिस्कोप शिखर ३,३६८ मीटर उंच उभे आहे. खाली मिठाचे पांढरे मैदान आणि वर पाइन वृक्षांची राने, असा हा देखावा एकाच दृष्टिक्षेपात मावतो.

नमुने गोळा करणाऱ्यास, म्हणजे संग्राहकास, या उंचसखलपणाचाच आधार असतो. तो मैदानात वेळ घालवीत नाही. दूरवर करड्या उतारावर विलोच्या झुडपांची हिरवी रेघ दिसली की तेथे झरा असणार हे तो ओळखतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्यांची सावली, दऱ्यांचे अरुंद गळे, दोन खडकथरांच्या मधून पाझरणारी ओल, या जागा तो नकाशावर आधीच खुणावून ठेवतो. शास्त्रज्ञ येथे येण्यापूर्वी हे ज्ञान तेथील मूळ रहिवाशांकडे होते, हे येथे सांगितले पाहिजे. १८९१ साली डेथ व्हॅलीत गेलेला वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल याने पॅनामिंट भागातील लोकांविषयी, आणि ते कोणत्या रानवनस्पतींवर जगतात याविषयी, पुढच्याच वर्षी एक लेख प्रसिद्ध केला. ज्या प्रदेशास नवागतांनी मृत्यूची दरी म्हटले, तेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या घर करून होती.

आता वनस्पतींकडे वळू. ओलावा हवा असणाऱ्या कुलाने कोरड्या देशात टिकून राहण्याचे निरनिराळे मार्ग शोधले आहेत, आणि कोणत्या जातीने कोणता मार्ग धरला हे कळल्यावाचून ती सापडत नाही.

पहिला मार्ग पाण्याला बिलगून राहण्याचा. रॅनन्क्युलस सिंबॅलेरिया नावाचे एक ठेंगणे बटरकप खारट झऱ्यांच्या व सरोवरांच्या काठच्या चिखलात राहते. त्याचे धावते खोड जमिनीसरशी पसरते व सांध्यासांध्याला मुळे धरते; पाने लहान, गोलसर, दंतुर असतात. ज्या क्षारांनी इतर वनस्पती करपतात ते यास चालतात. भारतीय वाचकास या वनस्पतीविषयी विशेष कुतूहल वाटावे, कारण हिचीच एक सख्खी बहीण लडाखमधील खारट दलदलीत आढळते. हॅलरपेस्टिस सार्मेंटोसा हे तिचे नाव. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाला १० सेंटिमीटरच्या आसपासच पाऊस व बर्फ मिळून पडते. पृथ्वीच्या दोन टोकांना असलेल्या दोन कोरड्या मुलखांत एकाच घडणीची वनस्पती एकाच प्रकारच्या चिखलात रांगत आहे, हे पाहून दोन्हीकडील नमुने शेजारी शेजारी ठेवण्याचा मोह कोणाही अभ्यासकास होईल.

पाण्याला बिलगणाऱ्यांत सर्वांत देखणी वनस्पती म्हणजे कोलंबाइन, शास्त्रीय भाषेत ॲक्विलेजिया. तिच्या फुलाच्या पाचही पाकळ्या मागे लांब, पोकळ नळीसारख्या वाढलेल्या असतात व नळीच्या टोकाशी मध असतो. या नळीस शुंडिका म्हणतात. युरोपीय जातींच्या आखूड, वाकड्या शुंडिका पाहून कोणाला गरुडाच्या नख्या आठवल्या, तर कोणाला गोलाकार बसलेली पाच कबुतरे. गरुडावरून लॅटिन नाव आले असे मानतात, कबुतरांवरून इंग्रजी. अमेरिकेच्या वाळवंटी दऱ्यांत या शुंडिका निरनिराळ्या लांबीच्या दिसतात. लाल फुलांच्या जातींच्या शुंडिका बेताच्या असून त्यांचा मध गुंजन पक्षी घेतात. ॲरिझोना व न्यू मेक्सिकोच्या दऱ्यांतील पिवळी ॲक्विलेजिया क्रायसँथा हिच्या शुंडिका चार सेंटिमीटरांहून लांब असतात व तिच्याकडे संध्याकाळी लांब सोंडेचे पतंग येतात. जस्टेन विटॉल व स्कॉट हॉजेस या शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले की, या प्रजातीत एका प्रकारच्या पाहुण्याकडून अधिक लांब जिभेच्या पाहुण्याकडे वळताना शुंडिकेची लांबी झपाट्याने वाढत गेली.

यूटा राज्यातील वालुकाश्माच्या कड्यांत या कोलंबाइनसाठी निसर्गाने चमत्कारिक घरे बांधली आहेत. वालुकाश्म सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते. खाली शेलचा अभेद्य थर लागला की ते आडवे वळते आणि कड्याच्या पोटातील कमानीसारख्या खोबणीत थेंबथेंब पाझरते. या ओलीवर नेचे, शेवाळे व फुलझाडे लोंबकळत वाढतात. त्यांना 'लोंबत्या बागा' असे नाव आहे. बाहेर उन्हाने दगड तापलेला असतो व आत पाऊल टाकताच अंगावर गारवा येतो. अशा ठिकाणची ॲक्विलेजिया मायक्रँथा ही जात चिकट असते. तिच्या पानांना व देठांना वाळूचे कण डकलेले असतात, आणि दाबताना ती कागदालाही अशी चिकटते की पुढे सोडविताना संग्राहकाच्या संयमाची परीक्षा होते.

दुसरा मार्ग जमिनीखाली दडण्याचा. वाळवंटी ॲनिमोन ही सोनोरा व मोहावीच्या खडकाळ उतारांवर राहते. वर्षातील बहुतेक काळ ती केवळ एका गाठाळ कंदाच्या रूपाने दोन दगडांच्या फटीत असते. हिवाळी पाऊस बरा झाला तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिची विभागलेली पाने व पांढरी किंवा फिकट गुलाबी फुले वर येतात. तिला पाकळ्या नसतातच. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती संदले होत. फुलानंतर फळांचा लोकरीसारखा गोंडा होतो, वाऱ्यावर विखुरतो, आणि उन्हाळा लागतो तेव्हा वनस्पती पुन्हा भूमिगत झालेली असते. मे महिन्याच्या अखेरीस त्याच जागी जाणाऱ्यास येथे काही होते यावर विश्वासही बसत नाही.

निळवंतीची वाळवंटी बहीण याच पद्धतीने जगते. तिचे नाव डेल्फिनियम पॅरिशाय. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील सॅम्युअल पॅरिश हा शेतकरी व वनस्पतिसंग्राहक. त्याच्या सन्मानार्थ एसा ग्रे याने हे नाव ठेवले. क्रिओसोटच्या विरळ झुडपांमधून, कोठेही पाण्याचा मागमूस नसताना, गुडघाभर उंचीचा एक दांडा उभा असतो व त्यावर आकाशाच्या रंगाची फुले. खालची पाने पुष्कळदा फुलण्याच्या वेळीच वाळून गेलेली असतात. पानांतून पाणी उडते. म्हणून ओल संपत आली की झाड पानांचा खर्च बंद करते व उरलेले भांडवल फुलांत व बियांत घालते. या मुलखाच्या उत्तर भागात रॅनन्क्युलस अँडरसोनाय नावाचे आणखी एक विलक्षण बटरकप आहे. कार्सन सिटी येथील अँडरसन नावाच्या डॉक्टरवरून त्याचे नाव पडले. सेजब्रशच्या कोरड्या उतारावर बर्फ वितळता वितळता ते फुलते, आणि त्याचे फूल पिवळे नसून पांढरे-गुलाबी असते. ज्याने पिवळ्या रंगावरूनच बटरकप ओळखण्याची सवय केली, तो यास ओलांडून पुढे जाईल.

घाईने जगण्याचा तिसराही मार्ग आहे. पावसाळी डबके आटू लागले की त्याच्या चिखलात बोटभर उंचीची मायोसुरस उगवते, उंदराच्या शेपटीसारखा फळांचा दांडा उभारते आणि काही आठवड्यांतच बी टाकून मोकळी होते. ती शोधावयाची तर गुडघे टेकूनच शोधावी लागते.

प्रत्यक्ष नमुना घेण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. साहित्य मात्र साधे असते: एक मजबूत खुरपे, लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळीदार चौकटी, त्यांच्या दरम्यान रचावयाचे जुन्या वर्तमानपत्रांचे व टीपकागदांचे थर, आवळण्यासाठी दोन पट्टे, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच हवी, कारण शाई पाण्याने पसरते. पूर्वी तोडलेली वनस्पती पत्र्याच्या झाकणदार डब्यात ओल्या कापडासह नेत. आता प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरतात. तथापि वाळवंटात या दोहोंचाही भरवसा नसतो. कोरड्या हवेत कोलंबाइनचे फूल काही मिनिटांत मान टाकते व त्याच्या पाकळ्या शुंडिकांसह गळून पडतात. म्हणून झऱ्याशीच बसून, वाऱ्याकडे पाठ करून, नमुना तेथल्या तेथे कागदात घालावा लागतो. वारा हा या कामातील मोठा शत्रू. एका झुळुकीने वर्तमानपत्राची पाने दरीत उडालेली पाहणे प्रत्येक संग्राहकाच्या नशिबी कधी तरी येतेच.

उलट एका बाबतीत वाळवंट फारच उदार असते. कोकणात पावसाळ्यात ज्याने झाडे दाबली असतील त्याला टीपकागद रोज बदलूनही बुरशी कशी चढते हे ठाऊक असेल. मोहावीत तोच नमुना एकदोन दिवसांत खडखडीत वाळतो व बुरशीचे नाव नसते.

प्रत्येक प्रजातीची मागणी निराळी असते. डेल्फिनियमच्या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की त्या ओळखण्यासाठी फुलाबरोबर मूळ, केसांची ठेवण व बी हीही पाहावी लागतात. आणि कित्येक ठेंगण्या जातींत खोड व मूळ यांचा सांधा इतका नाजूक असतो की उपटू जाता खोड हाती येते व मूळ जमिनीतच राहते. तेव्हा भोवतीचे दगड एकेक करून काढून खणावे लागते. बटरकपाच्या बाबतीत फुलाइतकीच पिकलेली फळे महत्त्वाची, कारण त्यांच्या चोचीच्या आकारावर जात ठरते. या वाळवंटांतील ओढ्याकाठच्या क्लेमॅटिस वेलीत नरफुले एका वेलीवर व मादीफुले दुसऱ्या वेलीवर असतात, म्हणून दोन्ही वेलींचे नमुने निरनिराळ्या क्रमांकांनी घ्यावे लागतात. मादीवेलीवर पुढे जे रुपेरी झुबके येतात ते पाहून मराठी माणसास आपली मोरवेल आठवल्यावाचून राहणार नाही.

या कुलाशी व्यवहार करताना हातही सांभाळावे लागतात. बटरकप, ॲनिमोन व क्लेमॅटिस यांचा ताजा पाला चुरगळला असता प्रोटोॲनिमोनिन नावाचे दाहक द्रव्य तयार होते व कातडीवर फोड येतात. वाळल्यावर मात्र तेच द्रव्य पालटून निरुपद्रवी होते. त्यामुळे संग्रहालयातील कागदावरचे बटरकप कोणास इजा करीत नाही. डेल्फिनियमची गोष्ट वेगळी. त्यातील विषारी अल्कलॉइडे वाळल्यानेही जात नाहीत. पश्चिम अमेरिकेच्या चराऊ रानांत या प्रजातीने गुराख्यांच्या असंख्य गाई मारल्या आहेत. मेंढ्यांना मात्र ते विष गाईंपेक्षा पुष्कळच अधिक प्रमाणात पचते. कोणत्या रानात, कोणत्या महिन्यात, कोणती जात उगवते हे कळले तर गुरे त्या दिवसांत अन्यत्र नेता येतात. फुलांचे नमुने वाळवून ठेवणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब एखाद्या गुराख्यास विचारावा.

नमुना वाळला, कागदावर बसविला, तरी चिठ्ठीवाचून तो केवळ वाळलेले गवत होय. संग्राहकाचे नाव, त्याचा अनुक्रमांक, दिनांक, ठिकाण, उंची, जमिनीचा प्रकार, शेजारच्या वनस्पती आणि फुलाचा ताजा रंग, एवढे त्या चिठ्ठीवर हवेच. रंग विशेषेकरून, कारण वाळता वाळता निळ्याचा जांभळा व गुलाबीचा तपकिरी होतो, आणि दहा वर्षांनी तो कागद पाहणाऱ्यास खरा रंग सांगणारे दुसरे कोणी नसते. मला स्वतःला या चिठ्ठ्यांचे अनुवाद करताना नेहमी असे वाटते की इतक्या थोड्या शब्दांत इतके सांगणारे गद्य अन्यत्र क्वचितच सापडेल.

अशा चिठ्ठ्या लिहिणारे सर्वच व्यावसायिक शास्त्रज्ञ नव्हते. १८८० नंतरच्या दशकात नेव्हाडातील कँडलेरिया या चांदीच्या खाणीच्या गावी विल्यम हिलमन शॉकली नावाचा खाण-अभियंता होता. खाणीच्या कामातून सवड काढून तो भोवतालच्या ओसाड डोंगरांतील वनस्पती गोळा करी. वाळवंटी झऱ्यांवरील एका लाल-पिवळ्या कोलंबाइनला १९०५ साली ॲक्विलेजिया शॉकलेयाय हे नाव मिळाले ते याच्यावरून. त्याचा मुलगा पुढे पदार्थविज्ञानात गाजला. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ साली ज्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यांपैकी तो एक. पिता-पुत्रांचे नाव एकच, विल्यम शॉकली.

हे नाव ठेवणारी बाई ॲलिस ईस्टवुड. तिची हकीकत सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १८५९ साली कॅनडात जन्मलेली ही मुलगी डेन्व्हर येथे वाढली, तेथेच शाळेत शिक्षिका झाली आणि सुट्ट्यांमध्ये पहाड पालथे घालून स्वतःच वनस्पतिशास्त्र शिकली. विद्यापीठाची पदवी तिच्यापाशी नव्हती. १८९२ साली ॲल वेदरिल या वाटाड्याबरोबर तिने आग्नेय यूटाच्या कोरड्या दऱ्यांतून घोड्यावरून प्रवास केला. वर उल्लेखिलेल्या चिकट कोलंबाइनला मायक्रँथा हे नाव तिनेच १८९५ साली दिले. तोपर्यंत ती सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेच्या वनस्पतिसंग्रहाची प्रमुख झाली होती.

नव्या जातीचे वर्णन ज्या नमुन्यावरून केले जाते त्यास प्ररूप नमुना म्हणतात. पुढे कोणी शंका काढली की ही जात खरोखर वेगळी आहे काय, तर निवाडा त्या एका कागदावर होतो. त्या काळी असे नमुने इतरांबरोबरच कपाटांत ठेवण्याची रीत होती. ईस्टवुडने ती मोडून सर्व प्ररूप नमुने एका जागी वेगळे ठेवले होते. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला व पाठोपाठ आगी लागल्या. ती संस्थेपाशी पोहोचली तेव्हा संगमरवरी जिना कोसळला होता. शिल्लक होता तो लोखंडी कठडा. एका मित्राबरोबर ती त्या कठड्याच्या गजांमध्ये पाय रोवीत सहाव्या मजल्यापर्यंत चढली, प्ररूप नमुन्यांची गाठोडी बांधली आणि दोऱ्यांनी ती खाली सोडली. अशा रीतीने १,४९७ नमुने वाचले. बाकीचा संग्रह जळाला, आणि तिचे स्वतःचे सामानसुमानही गेले.

योगायोगाची एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. त्या दिवशी शहरातील लष्कराची सूत्रे ज्याच्या हाती होती व ज्याच्या हुकमाने आग अडविण्यासाठी इमारती सुरुंगाने उडविल्या गेल्या, तो सेनानी फ्रेडरिक फन्स्टन १८९१ साली डेथ व्हॅलीच्या शोधमोहिमेत कोव्हिलचा साहाय्यक म्हणून वनस्पती गोळा करीत होता. त्या मोहिमेतील वनस्पतींचे कोव्हिलने लिहिलेले वर्णन १८९३ साली प्रसिद्ध झाले. आजही मोहावीच्या वनस्पतींचा अभ्यास करणारा त्याकडे वळतो.

ईस्टवुडने पुन्हा आरंभ केला. १९१२ नंतर तिने संस्थेच्या संग्रहात सुमारे ३,४०,००० नमुन्यांची भर घातली, नव्वदाव्या वर्षी १९४९ साली ती निवृत्त झाली आणि १९५३ साली वारली.

हे वाचून एखाद्या उत्साही विद्यार्थ्यास वाटेल की जितके अधिक नमुने तितके बरे. वाळवंटात हा विचार घातक ठरतो. ओल्या कुरणातून दहा बटरकप उपटली तर काही बिघडत नाही. पण कोलंबाइनचे एखादे सबंध गाव एका झऱ्याभोवतीच्या चारसहा मीटर जागेत सामावलेले असते आणि पुढचा झरा कित्येक किलोमीटर दूर असतो. म्हणून संग्राहकांत असा दंडक रूढ आहे की किमान वीस झाडे मोजल्याखेरीज एकास हात लावू नये. डेथ व्हॅली १९३३ साली राष्ट्रीय स्मारक व १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झाली. तेथे लेखी परवान्यावाचून एक पानही तोडता येत नाही. आता पुष्कळसे काम छायाचित्राने आणि पानाच्या लहानशा तुकड्याने भागते. सिलिका जेलमध्ये वाळविलेल्या तेवढ्या तुकड्यातून वनस्पतीचा आनुवंशिक मजकूर वाचता येतो.

परंतु झऱ्यांचा खरा शत्रू संग्राहक नव्हे. लास व्हेगास या स्पॅनिश नावाचा अर्थ 'कुरणे' असा आहे, हे त्या शहराचे दिवे पाहणाऱ्यास सुचणारही नाही. मोहावीतील त्या खोऱ्यात भूगर्भातील पाणी आपोआप वर येत असे व त्यावर खरोखरीची कुरणे पोसली जात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे विहिरी खणल्या गेल्या, शहर वाढले, उपसा वाढला, आणि १९६२ साली ते झरे जमिनीवर वाहावयाचे थांबले. तेथील ओलीत पूर्वी काय काय वाढत होते हे विचारावयाचे तर आज जुने कागद व त्यांवरील चिठ्ठ्याच काढून पाहाव्या लागतात.

म्हणून आजचा जाणता संग्राहक एखाद्या पाझरापाशी पोहोचला व तेथे बाराच कोलंबाइन दिसल्या, तर खुरपे पिशवीतच ठेवतो. तो छायाचित्रे घेतो, फार तर एखादे फूल व एक पान कागदात ठेवतो, ओलीची लांबीरुंदी पावलांनी मोजतो आणि चिठ्ठीवर रंगाच्या खाली आणखी एक ओळ लिहितो: एकूण झाडे १२, पैकी फुललेली ५. पुढच्या खेपेस त्या झऱ्यावर जो कोणी येईल त्याने प्रथम तीच मोजावयाची असतात.